‘झाडपे’ : एका उपहासवाचक नावाची कुळकथा

वैनगंगा, चुलबंद व गाढवी या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेल्या विदर्भाच्या पूर्वभागास ‘झाडी’ किंवा ‘झाडीपट्टी’ असे नाव आहे. आजच्या शासकीय नकाशाप्रमाणे सांगावयाचे तर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे झाडीत येतात. नागपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा थोडा भागही तीत मोडतो. आपल्या कोहळी समाजाची बहुतेक घरे याच मुलखातील. साकोली, लाखनी, लाखांदूर, अर्जुनी-मोरगाव, ब्रह्मपुरी ही नावे उच्चारली की आपल्यापैकी प्रत्येकास कोणाचे तरी माहेर नाही तर कोणाचे तरी आजोळ आठवते. या मुलखातील माणसास बाहेरच्या माणसाने दिलेले नाव म्हणजे ‘झाडपी’. अनेकवचनी ‘झाडपे’, आणि तोंडावर बोलावयाचे असेल तर ‘झाडप्या’.

हे नाव कौतुकाने दिलेले नव्हते, हे वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. नागपुरास शिकावयास गेलेल्या आपल्या मागील तीन पिढ्यांतील विद्यार्थ्यांस ते ठाऊक आहे. बाजारात धान घेऊन गेलेल्या शेतकऱ्यास ठाऊक आहे. लग्नाच्या पंगतीत वऱ्हाडाकडील पाहुण्यांच्या शेजारी बसलेल्यासही ठाऊक आहे. झाडपी म्हणजे झाडीत राहणारा, म्हणजे रानटी, म्हणजे रीतभात नसलेला, ‘पाणी’ न म्हणता ‘पानी’ म्हणणारा, तिन्ही त्रिकाळ भात खाणारा, अशी ती अर्थाची उतरंड आहे. पहिली पायरी भूगोलाची आणि शेवटची अपमानाची. मधल्या पायऱ्या केव्हा बांधल्या गेल्या, त्या कोणी बांधल्या आणि आपण त्यांचे काय केले, हा या लेखाचा विषय आहे. समाजातील काही ज्येष्ठ मंडळींस हा शब्द स्मरणिकेच्या पानावर यावा हेच रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. त्यांच्या नाराजीचा मान राखूनही आम्ही तो छापीत आहोत. कारण ज्या नावाने आपल्या आजोबांस हाक मारली गेली, ते नाव लपविल्याने आजोबांचा मान वाढत नाही.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘झाडी’ म्हणजे दाट वृक्षराजी. तिच्यावरून मुलखाचे नाव आणि मुलखावरून माणसाचे. यात मुळात वाईट असे काहीच नाही. सह्याद्रीच्या मावळांत राहणारे ते मावळे. पण शिवछत्रपतींच्या पराक्रमाने ते नाव असे उजळले की आज कोणीही स्वतःस मावळा म्हणवून घेण्यात भूषण मानतो. उलट घाटावरून मुंबईस उतरलेल्या कष्टकऱ्यांस कोकणपट्टीने ‘घाटी’ म्हटले, आणि त्या शब्दातील कुचेष्टा अद्याप पुरती गेलेली नाही. वऱ्हाडाचे भाग्य असे की तेथील काळ्या जमिनीत कापूस पिकला आणि ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ अशी म्हण झाली. कुऱ्हाड त्यांच्या वाट्यास आली आणि झाडी आमच्या, असे कोणी विनोदाने म्हणेल. तात्पर्य, एकाच घडणीची ही सारी नावे. पण एकास मान मिळतो व दुसऱ्यास हेटाळणी, ते शब्दाच्या अंगभूत गुणदोषामुळे नव्हे. बाजारपेठ, कचेरी व राजधानी ज्या बाजूस असेल त्या बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूस नाव ठेवीत असतो. नागपूर ही भोसल्यांची राजधानी झाली, पुढे मध्यप्रांताचीही झाली, आणि झाडी ही तिच्या पूर्वेकडची रानाची बाजू ठरली.

परंतु ही ‘रानाची बाजू’ खरोखर किती रानटी होती? वैनगंगेच्या काठी असलेल्या पवनी येथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले, तेव्हा दोन हजार वर्षांहून जुने बौद्ध स्तूप व त्यांचे शिलास्तंभ उजेडात आले. ज्या काळी नागपूर या नावाचे गाव कोणाच्या स्वप्नातही नव्हते त्या काळी पवनीस तटबंदीचे नगर नांदत होते. त्याच नदीच्या खालच्या अंगास मार्कंड्याची देवालये उभी आहेत. त्यांवरील कोरीव काम पाहून परक्या प्रवाशांनीही तोंडात बोटे घातली. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचे पाय भंडाऱ्यास लागले आणि तेथील निळभट्ट भांडारेकर त्यांचे अनुयायी झाले. महानुभावांच्या आद्य ग्रंथांत, म्हणजेच मराठी गद्याच्या पहिल्या पानांत, भंडारा आहे. हे सारे सांगण्याचा हेतू नागपूरकरांशी वाद घालण्याचा नाही. अरण्य होते, आणि ते घनदाट होते. पण त्या अरण्याच्या मधोमध नगरे, देवालये व शेते होती, आणि पुढे पुढे तलाव झाले.

तलावांचा विषय निघाला की आपल्या समाजाचा इतिहास आपोआपच निघतो. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातिजमातींविषयी चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात १९११ च्या शिरगणतीप्रमाणे कोहळ्यांची संख्या सुमारे २६,००० दिलेली आहे. म्हणजे त्या विस्तीर्ण प्रांताच्या मानाने मूठभरच. पण त्याच ठिकाणी वैनगंगेच्या खोऱ्यातील मोठमोठ्या तलावांचे कर्ते म्हणून या मूठभर समाजाचा विशेष उल्लेख आहे, आणि ऊस हे कोहळ्यांचे आवडते पीक असल्याचेही नमूद आहे. आपल्यात चालत आलेली आख्यायिकाही तेथे दिली आहे : चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेस गेला असता परतताना त्याने कोहळ्यांस आपल्यासमवेत आणले. भंडाऱ्याकडील कोहळी आपले पहिले ठाणे लांजी येथे होते असे सांगतात. ग्रंथकारांनी मात्र हे ऐकून घेऊन आपली शंका नोंदविली आहे. भाषा, चालीरीती व कुळांची नावे पाहता हा समाज कुणब्यांच्या फार जवळचा, म्हणजे अस्सल महाराष्ट्रीयच दिसतो, असा त्यांचा कौल आहे. आम्हांस हा कौल पटण्याजोगा वाटतो. काशीहून आल्याने प्रतिष्ठा वाढते, ही समजूत आपल्या देशातील बहुतेक ज्ञातींत आढळते; तीत आपणही सामील झालो असू तर नवल नाही. (‘कोहळी’ हे नाव ऐकून परगावची माणसे कोहळ्याच्या फळाची चौकशी करतात, हा अनुभव वाचकांपैकी पुष्कळांस असेल. त्या फळाचा व आपला संबंध भाजीपुरताच आहे.)

आख्यायिका बाजूस ठेवली तरी एवढे निश्चित की झाडीतील तलाव गोंड राजांच्या आश्रयाने झाले. चांद्याच्या राजघराण्याच्या परंपरेत हीरशहाचे नाव यासाठी घेतले जाते. जो रान तोडून जमीन लागवडीस आणील त्यास ती जमीन, आणि जो तलाव बांधील त्यास त्या तलावाच्या पाण्याने जेवढी भिजेल तेवढी जमीन, असा त्याचा हुकूम होता असे सांगतात. राजनीती म्हणून हा हुकूम किती शहाणपणाचा होता पाहा. राजाने खजिन्यातून पैसा काढला नाही, आणि तरीही मुलूख पाण्याने भरला. पाणी जेथवर पोहोचेल तेथवर हक्क. म्हणजे पाळ जितकी चोख तितके घर मोठे. आपल्या पूर्वजांचे कौशल्य या हुकुमाने जागविले. कोणते यंत्र नाही, उंचसखल मोजण्याची दुर्बीण नाही. पहिल्या पावसात पाणी कोणत्या ओहोळाने धावते, कोठे थबकते व कोठे पसरते एवढे डोळ्यांनी पाहून त्यांनी दोन टेकड्यांच्या मधली जागा हेरली, आणि मातीची पाळ घातली.

या कामाचा कळस म्हणजे नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पटेल कोहळी याने हा तलाव बांधला. डोंगरांच्या कुशीत सुमारे ११ चौरस किलोमीटर पाणी साठविणारा हा बांध आजही भरतो. सभोवारच्या शिखरांस ‘सातबहिणी’ म्हणतात. त्या सात बहिणींनी बांध पुरा करण्यास कोलूस साहाय्य केले अशी श्रद्धा आहे. कोलू पुढे देव झाला. कोलासुर या नावाने त्याचे ठाणे तेथील एका शिखरावर आहे. आम्हांस या नामांतराचे फार दिवस कुतूहल वाटत आले आहे. पुराणांतून ज्यास असुर म्हणावे त्याचेच नाव झाडीच्या लोकांनी आपल्या उपकारकर्त्यास दिले आणि त्यापुढे नारळ फोडला. ज्यांस बाहेरचे जग रानटी म्हणत होते त्यांनी ‘असुर’ या शब्दाचे असे सोने केले. मग ‘झाडपी’ या शब्दाचे ते काय करू शकतील, याची चुणूक येथेच दिसते असे आम्हांस वाटते.

तलावाची व्यवस्था ज्यांनी पाहिली नाही अशा, शहरात वाढलेल्या आपल्या मुलाबाळांसाठी थोडे विस्ताराने लिहितो. झाडीत पाऊस पन्नास इंचांच्या आसपास पडतो. पण तो सारा चार महिन्यांत पडून जातो, आणि धान निसवण्याच्या सुमारास हटकून दडी मारतो. त्या पंधरा-वीस दिवसांत पाणी मिळाले तर पीक घरात, नाही तर तणस. यासाठी तलाव. वरच्या अंगास रान, रानाच्या पायथ्याशी तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या, आणि एका तलावाचे वाहून गेलेले पाणी धरण्यास खाली दुसरा तलाव किंवा लहानशी बोडी, अशी ती साखळी असे. पाणी सोडण्याच्या दाराला ‘तुडुम’ म्हणत. पाण्याची पाळी ठरविण्यासाठी गावाने माणूस नेमलेला असे, आणि त्याचा शब्द मालगुजारासही मोडता येत नसे, निदान मोडू नये असा संकेत होता. तलाव आटला की त्याचा गाळ शेतात जाई. मासे धिवरांचे, काठावरचा चारा गावच्या गुरांचा, हिवाळ्यात उतरणारे पक्षी कोणाचेच नाहीत. महाराष्ट्रात सारस पक्षी आज उरला आहे तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्याच्या या पाणथळ भूमीतच.

नवेगावच्या या सृष्टीची ओळख उभ्या महाराष्ट्रास करून दिली ती मारुती चितमपल्ली यांनी. वनाधिकारी म्हणून ते तेथे राहिले, तेथील जाणत्या माणसांकडून त्यांनी पक्ष्यांची व झाडांची नावे ऐकून घेतली आणि ती मराठी साहित्यात आणली. १८ जून २०२५ रोजी ते निवर्तले. त्याच वर्षी त्यांस पद्मश्री मिळाली होती. झाडप्यांच्या तोंडचे शब्द शिकण्यात कमीपणा न मानणारा हा सोलापूरकडचा माणूस होता, ही गोष्ट येथे नमूद करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

येथवर गौरवाची बाजू झाली. स्मरणिकांतून बहुधा येथेच थांबण्याची रीत आहे. पण एक अप्रिय गोष्ट टाळता येत नाही. कोलू पटेलाने बांध घातला असे आपण म्हणतो तेव्हा डोक्यावर माती कोणी वाहिली, हा प्रश्न शिल्लक राहतोच. गोंड, हलबा, गोवारी, धिवर, महार आणि आपल्यातीलच गरीब कुळे यांच्या श्रमावाचून एकही पाळ उभी राहिली नसती. मालगुजारीच्या काळात, म्हणजे इंग्रजांनी गावोगावच्या पाटलांस जमिनीचे मालक करून ठेवल्यानंतर, पुष्कळ गावांत हे श्रम बेगारीचे होते. त्यांतील कित्येक मालगुजार आपल्याच समाजाचे होते, आणि त्यांच्या वाड्यांची वर्णने आपण अद्याप कौतुकाने करतो. दुसरे असे की, नागपूरकराने आपणांस ‘झाडपी’ म्हटले याचा आपणांस राग येतो. पण तोच शब्द, किंवा त्याहून कडवट असा ‘जंगली’ हा शब्द, आपल्या ओट्यावरून गोंडाच्या अंगावर टाकण्यास आपली जीभ अडखळली नाही. ज्याच्या राजाने आपणांस जमीन दिली तो दाराबाहेर आणि आपण आत, असे झाले. उपहासाचा शब्द पाण्यासारखाच असतो. वरच्या तलावातून खालच्या तलावात उतरत जातो. या लेखात झाडप्यांची बाजू मांडावयाची तर ती साऱ्या झाडप्यांची मांडली पाहिजे. फक्त कोहळ्यांची मांडून चालणार नाही.

आता पुन्हा नावाकडे वळू. ‘झाडपी’ हा शब्द कचेरीच्या कागदावर चढला तो इंग्रजी अमलात. ग्रियर्सनसाहेबांच्या भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात मराठीच्या पोटबोलींमध्ये ‘झाडपी’ ही एक बोली म्हणून, गोवारी, कोष्टी इत्यादी नावांच्या जोडीस, नोंदलेली आहे. साहेबास हिणवावयाचे नव्हते. त्याने लोकांकडून ऐकलेले नाव लिहून घेतले, एवढेच. पण यामुळे एक मौजेची गोष्ट घडली. ज्या शब्दाने रस्त्यावर आपली टवाळी होत होती, तोच शब्द विद्वानांच्या ग्रंथात एका बोलीचे रीतसर नाव होऊन बसला. टवाळी करणाऱ्यास ते ठाऊक नव्हते, आणि ज्याची टवाळी होई त्यासही ठाऊक नव्हते.

बोलीवरून होणारी हेटाळणी हीच सर्वांत खोल जाणारी. आपल्या बोलीत ‘ण’ नाही, तेथे ‘न’ येतो. ‘ळ’ नाही, तेथे ‘र’ येतो. पाण्याचे पानी होते व डोळ्याचा डोरा होतो. तलावाची पाळ आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ‘पार’ असते. वऱ्हाडात याच डोळ्याचा ‘डोया’ होतो, पण त्याचे हसे झाडीइतके झाले नाही. त्या बोलीस कथाकार व वक्ते लवकर लाभले. आमच्या मुलांनी शाळेत ‘शाळा’ हा शब्दच उच्चारला की वर्गात हशा पिके. ‘श’ही गेला आणि ‘ळ’ही! जी मुले हुशार होती ती दोन बोली शिकली. वर्गात एक, आईशी बोलताना दुसरी. जी तितकी हुशार नव्हती ती गप्प बसू लागली, आणि गप्प बसणाऱ्या मुलास मास्तर मंद समजू लागले. किती मुलांची शाळा अशी सुटली असेल याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. शिकून नोकरीस लागलेल्यांनी पुढे केले काय, तर घरातूनच बोली हद्दपार केली. नागपूर, पुणे, मुंबई येथील आपल्या घरांतून वाढलेल्या मुलांस आजीचे बोलणे पुरते उमगत नाही. सुटीत गावी गेली की ती शेजारच्या मुलांच्या बोलण्यास हसतात. ज्या हसण्याने आपण पोळलो ते हसणे आपण आपल्याच घरात पोसले, हे कटू आहे पण खरे आहे.

सोयरिकींवरही या नावाची सावली होती. झाडीत मुलगी देणे म्हणजे तिला हिवतापाच्या व वाघाच्या स्वाधीन करणे, असे नागपुराकडे समजत. हिवताप होता हे खरेच. चांद्याच्या दक्षिणेकडे बदली झालेले कारकून वर्षभरात रजेचा अर्ज करीत, अशा गोष्टी जुन्या लोकांच्या तोंडी पुष्कळ आहेत. त्यामुळे आपल्या सोयरिकी बहुतांशी खोऱ्यातच होत राहिल्या, आणि त्याचे एक फळ असे की कुळांच्या वंशावळी पाच-पाच, सहा-सहा पिढ्यांपर्यंत तोंडपाठ असणारी माणसे आपल्यात दीर्घकाळ राहिली. नाव ठेवणाऱ्यांनी नकळत केलेले हे एक काम समजावे.

या उपहासास पहिले सणसणीत उत्तर लेखकांनी दिले नाही; ते नटांनी दिले. दिवाळी झाली, भाऊबीज आली की गावोगाव मंडई भरते. दंडार होते, खडीगंमत होते, शंकरपटाच्या दिवशी बैलजोड्या धावतात आणि रात्री नाटक उभे राहते. पाहुण्यांनी घरे भरून जातात. मुलींची लग्ने पाहण्याचा व जमविण्याचा काळही हाच. रात्री दहाला सुरू झालेले नाटक पहाटे कोंबडा आरवेपर्यंत चालते. मुंबई-पुण्याची नाटके प्रेक्षक नाहीत म्हणून हवालदिल झाली त्या काळातही वडसा येथून नाटकमंडळ्या हंगामभर गावोगाव जात राहिल्या. त्या लहानशा शहरात एकेका रस्त्यावर मंडळ्यांच्या कचेऱ्यांच्या पाट्या ओळीने लागलेल्या दिसतात. या रंगभूमीने स्वतःस नाव काय घेतले? विदर्भ रंगभूमी नव्हे, वैनगंगा रंगभूमीही नव्हे, तर ‘झाडीपट्टी रंगभूमी’. ज्या शब्दामुळे मान खाली घालावी लागत होती तोच त्यांनी पडद्यावर रंगविला. २०२३ साली या रंगभूमीचे बुजुर्ग नट डॉ. परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली, तेव्हा दिल्लीच्या यादीतही झाडीपट्टीचे नाव गेले. शंकरपटावर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बंदी आली, त्यावेळी नाटकांच्या हंगामासही धक्का बसला. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींस पुन्हा मोकळीक मिळाली व मे २०२३ मध्ये न्यायालयाने ती कायम केली. बैलांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही; पण पट आणि नाटक यांची गाठ किती घट्ट आहे, हे त्या सात वर्षांत सर्वांच्या ध्यानी आले.

नटांच्या मागोमाग लेखक आले. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला, आणि झाडीबोली साहित्य मंडळाच्या वतीने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून झाडीबोलीची साहित्य संमेलने भरू लागली. व्यासपीठावरून, ध्वनिवर्धकातून, हजार माणसांसमोर कोणी ‘पानी’ म्हणतो आहे व कोणी हसत नाही, हे ज्यांनी प्रथम ऐकले त्यांच्या मनात काय आले असेल याची कल्पना वर्गात गप्प बसलेली ती जुनी मुलेच करू शकतील. बोरकरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘झाडपी’ऐवजी ‘झाडी’ हे रूप पुढे केले. शब्दाचे मूळ ठेवले आणि काटा काढला. आम्हांस हे शहाणपणाचे वाटते. तरीही काटा पुरता निघाला आहे असे मात्र म्हणवत नाही.

आपण नावाचा हा विचार करीत असता ज्याच्या आधारे त्या नावास मान मिळावयाचा त्या तलावांचीच स्थिती काय आहे, तेही पाहिले पाहिजे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हे योग्यच झाले. तिच्यासाठी अश्रू ढाळणारांत आम्ही नाही. परंतु तलावाचा धनी गेला आणि त्याच्या जागी आले ते सरकारी खाते. पाळ फुटली तर पूर्वी रात्रीत गाव धावे. आता अर्ज धावू लागला. सहा हजारांहून अधिक असे हे तलाव कागदोपत्री ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले, आणि कारकुनांनी लिहिण्याचा त्रास वाचविण्यासाठी त्याचे ‘मामा तलाव’ केले. नवीन पिढीस वाटते की कोणा मामाने हे तलाव बांधले असावेत! एका अर्थी झाडीला हे दुसरे टोपणनाव मिळाले, आणि ते कुचेष्टेचे नसूनही आम्हांस पहिल्याहून अधिक बोचते. ‘झाडपी’ म्हणणाऱ्यास निदान समोरचा माणूस दिसत होता. ‘मामा’ या दोन अक्षरांत कोलू पटेलही नाही, गोंड राजाही नाही आणि माती वाहणाराही नाही.

आज कित्येक तलाव गाळाने उथळ झाले आहेत, कित्येकांत बेशरमाची झुडपे माजली आहेत, काहींच्या पोटात शेते शिरली आहेत. १९७० च्या सुमारास पुऱ्या झालेल्या इटियाडोहसारख्या मोठ्या धरणांनी व त्यांच्या कालव्यांनी अनेक गावांस पाणी दिले, हे मान्य केलेच पाहिजे. पण ज्या गावास कालवा मिळाला त्याने आपल्या तलावाकडे पाहणे सोडले, हेही तितकेच खरे आहे. अलीकडे काही गावांनी, विशेषतः धिवर बांधवांच्या सहकारी संस्थांनी, तलावातील मूळच्या पाणवनस्पती व देशी मासे परत आणण्याचे काम हाती घेतले आहे. पाळ घालणारे आपण होतो, पण तलावाची निगा आज राखणारे बहुधा दुसरेच आहेत.

आपल्या समाजाच्या तरुण मंडळींत सध्या दोन मते दिसतात. एका पक्षाचे म्हणणे, झाडी, झाडपी, झाडीपट्टी ही सर्व नावे मागासलेपणाची निशाणी आहेत. मुलामुलींची स्थळे सुचविताना, परिचयपत्रके छापताना ‘पूर्व विदर्भ’ असे लिहावे. दुसरा पक्ष अंगरख्यावर ‘झाडीपट्टी’ असे छापून पुण्याच्या रस्त्यांतून हिंडतो. आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे, हे वाचकांनी ओळखलेच असेल; तथापि पहिल्या पक्षास भित्रा म्हणणे आम्हांस मान्य नाही. ज्याने वर्गातले हसणे सोसले त्यास ते नाव टाकून देण्याचा हक्क आहे. अंगरख्यावर नाव छापणाऱ्यांपैकी पुष्कळांस ते हसणे कधी सोसावेच लागले नाही. मात्र ‘पूर्व विदर्भ’ ही कचेरीची दिशा आहे. तीत कोणी राहत नाही. रेंगेपार कोहळी, पिंपळगाव कोहळी अशी आपल्या समाजाचे नाव मिरविणारी गावे ज्या मुलखात आहेत त्याचे नाव झाडी आहे.

वर आलेले तुडुम, बोडी, बांधी, पार यांसारखे शब्द आपल्या घरांतील ज्येष्ठांस अजून ठाऊक आहेत. पुढील वर्षीच्या स्मरणिकेसाठी अशा शब्दांची एक यादी करावी असा आमचा मानस आहे. तेव्हा प्रत्येक कुटुंबाने आपापल्या गावच्या तलावाचे लोकांच्या तोंडचे नाव, तो कोणी बांधला याविषयी गावात जे सांगतात ते, पाण्याच्या पाळीची जुनी रीत, आणि ज्या हातांनी त्याची माती वाहिली त्या घरांची आठवण गावात असल्यास तीही, लिहून मंडळाकडे पाठवावी. मजकूर झाडीबोलीत लिहिलेला असल्यास तो तसाच छापला जाईल. ‘न’ चा ‘ण’ केला जाणार नाही.